एका बाजूचा उजेड

ताईने चेरी टेबलावर ठेवली, तेव्हा आम्ही सगळे हसलो.

केक तिच्या पुढ्यात होता. पांढरा, गोल, नुकताच क्रीम लावून गुळगुळीत केलेला. तिने बोटांत चेरी धरली, हात खाली आणला आणि केकच्या दोन बोटं अलीकडे, सरळ टेबलावर ती ठेवली. अगदी निगुतीने. वरून हलकेच दाबलीसुद्धा.

"कलाकार, केक जरा पुढे आहे," भट्टीवाले काका म्हणाले.

"ती तुमच्यासाठीच काढून ठेवली. खा आणि गप्प बसा."

काकांनी चेरी तोंडात टाकली. ताईने दुसरी उचलली. ती केकच्या कडेवर टेकली आणि घरंगळत खाली आली. या वेळी कुणी हसलं नाही.

मी ताईच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्याची पदवी घेतली आणि पुढे काय करायचं ते न सुचल्यामुळे शाळेच्या मुलांच्या शिकवण्या धरल्या. मुलं संध्याकाळी येतात. दिवसा मी बेकरीच्या मागच्या खोलीत स्टूल टाकून बसते आणि ताईचं काम बघते. माझं वय तिच्या निम्मं. तरी आमची मैत्री आहे. ती मला "पंडित" म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलेलं नाही.

ताई केकवर नावं लिहिते. या बेकरीत तिने दुसरं काही केलेलं नाही. लग्न झालं त्या वर्षी ती इथे आली आणि थोरल्या मालकांनी तिच्या हातात क्रीम भरलेला कागदी कोन दिला. तेव्हापासून खिडकीजवळचं टेबल तिचं. थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा मालक झाला. टेबल तिचंच राहिलं. "नाव आईबाप ठेवतात," ती म्हणते, "पण ते गोड होतं माझ्या हातून." नम्रपणा हा तिचा गुण नाही.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. मी एकदा करून बघितलं आहे. कोनाच्या टोकाला पत्र्याची बारीक तोटी असते. ती केकला टेकवायची नसते. जरा वर धरायची, कोन दाबायचा, क्रीमचा धागा बाहेर येतो आणि खाली पडतो. त्या पडत्या धाग्याने लिहायचं. हात खाली गेला तर तोटी केकमध्ये रुतते. वर राहिला तर धागा वेटोळी घालतो. मधलं अंतर तांदळाच्या दाण्याएवढं. ताईची सगळी विद्या त्या अंतरात होती.

आणि आता तेच अंतर तिला दिसेनासं झालं होतं.

घरी आम्हांला आधीच कळायला हवं होतं. ती चहा ओतायची तो कपाच्या अलीकडे. किल्ली कुलपाच्या शेजारी टोचायची. कपाटाच्या मुठीला हात घालायची आणि मूठभर हवा धरायची. तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "टेबलाला चहा पाजलास. आता दोन बिस्किटंही दे."

चेरीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. भाऊजी आले नाहीत. घाटात बस चालवलेला माणूस, पण दवाखान्याच्या पायरीला घाबरतो.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यातली शीर बुजली होती. त्या डोळ्याने आता कडेकडेचं तेवढं दिसणार, मधलं नाही. गेलं ते परत येण्याची आशा कमी.

"पण डावा तर चांगला आहे ना?" ताई म्हणाली. "त्याने मला सगळं दिसतंय. तुमचा टायसुद्धा. वाकडा आहे."

डॉक्टरांनी टाय सरळ केला. "दिसेल सगळं. पण वस्तू किती लांब आहे, हे दोन डोळे मिळून ठरवतात. एकटा डोळा हाताला नीट पत्ता सांगू शकत नाही. हात दुसऱ्याच घरी जातो."

"मग?"

"हळूहळू सवय होते. मेंदू दुसऱ्या खुणा शोधतो. वेळ द्या."

"कुठल्या खुणा?"

"ज्याच्या त्याच्या वेगळ्या," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बेकरीत वेळ कुठला असायला! रोज संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. ताईची तोटी केकमध्ये रुतू लागली. ती ओल्या सुरीने नाव खरवडायची, पुन्हा क्रीम लावायची, पुन्हा लिहायची. एका मुलाच्या नावाचं शेवटचं अक्षर केकच्या कडेवरून उतरून बाजूला लोंबलं. ते तसंच खोक्यात गेलं. मुलाची आई परत आली. भांडली नाही, नुसतं खोकं उघडून दाखवलं. ताईला ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

धाकटे मालक मनाने चांगले. त्यांना यंत्रांची हौस. बेकरीच्या कोपऱ्यात एक छपाईचं मशीन प्लॅस्टिकच्या कव्हराखाली आधीच येऊन बसलं होतं. साखरेच्या पातळ कागदावर फोटो आणि नावं छापतं, तो कागद केकवर चिकटवायचा. ताईसमोर त्याचं कव्हर काढण्याची त्यांची हिंमत होत नव्हती. त्यांनी आधी ताईला मदत करायची ठरवली. ते दिवे घेऊन आले.

दिव्यांचं मोठं कडं होतं. छताला टांगलं आणि ताईचं टेबल सगळ्या बाजूंनी उजळलं. खिडकीला त्यांनी जाड पडदाही लावला, डोळ्यांवर तिरीप नको म्हणून.

"ऑपरेशनच्या खोलीत असतात तसे आहेत, ताई," मालक म्हणाले. "बघा, कुठे म्हणून सावली नाही!"

"माझं ऑपरेशन करताय की केकचं?"

"तुम्हांला नीट दिसावं म्हणून हो."

खरंच सगळं स्पष्ट दिसत होतं. क्रीमवरचा बुडबुडासुद्धा. ताईने कोन उचलला, नाव लिहायला घेतलं आणि पहिल्याच अक्षराला तोटी अर्धी आत गेली. दुसऱ्याला धाग्याचा गुंता झाला. तिसऱ्याला ती थांबली.

दिवे आल्यापासून तिचं काम आणखीच बिघडलं. कुणालाच त्याचं कोडं उलगडेना. मालकांना तर वाईटच वाटलं. एवढ्या उजेडातही जमत नाही म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. सोमवारी ते टेबलाशी आले. क्रीमच्या डब्याकडे बघतच बोलले.

"ताई, शनिवारी शाळेची ऑर्डर आहे. बाई निवृत्त होतायत. त्यांना केकवर शेवटच्या वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं हवीत. शनिवारी सकाळी तुम्ही करून बघा. नाही जमलं तर मी मशीनवर काढतो. आणि मग... तुम्ही काउंटरला बसा. पगार तोच. टेबलावर मशीन ठेवू."

"काउंटरला? मी?" ताई म्हणाली. "मी बसले की गिऱ्हाईक पाव न घेताच पळेल."

सगळे हसले. तीही हसली. घरी आल्याबरोबर तिने पिठाचा डबा काढला.

त्या आठवड्यात ताईच्या स्वयंपाकघरात पिठाची खळ शिजत होती. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोन करून ती पालथ्या पातेल्यावर लिहीत बसायची. वर ट्यूबलाइट. भाऊजी शेजारी उभे राहून मदत करायचे. म्हणजे त्यांना ती मदत वाटायची.

"येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे... थांब! थांब!"

"मी काय बस आहे का?" ताई ओरडली.

"एवढी वर्षं मी असाच गाडी मागे घेत आलोय. मागचं कुणालाच दिसत नाही. कंडक्टर लागतोच."

"मग कंडक्टरशीच लग्न करायचं होतं."

खळ पातेल्यावरून ओघळत होती. ताईने कोन ठेवला आणि हात धुतले. "पंडित," ती म्हणाली, "डोळा गेला त्याचं मला काही नाही. हात खोटारडा निघाला, त्याचा राग येतो. त्याच्यावर मी कधी शंका घेतली नव्हती."

मी पातेलं उचललं आणि मोरीत नेऊन घासलं.

गुरुवारी सकाळी मी खाली चहाला आले. ऊन नुकतंच वर आलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते आडवं येत होतं, टेबलाला जवळजवळ घासून. ताईने किटली उचलली. मी सवयीने फडकं हातात घेतलं.

तिने चहा ओतला. कपात. थेंबभरही बाहेर नाही.

ती किटली हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने माझा कप रिकामा करून किटलीत ओतला, आणि पुन्हा किटलीतून कपात. परत बरोबर.

"माझा चहा गार होतोय," मी म्हणाले.

"गप्प."

तिने किटली खाली आणली, वर नेली. ओतत नव्हती, नुसती बघत होती. टेबलावर किटलीच्या नळीची लांब सावली पडली होती. किटली खाली आली की सावली नळीकडे सरकायची. वर गेली की लांब पळायची. ताई दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

मग तिने किटली माझ्या हातात कोंबली, पातेलं पालथं घातलं, कालची खळ कोनात भरली आणि खिडकीशी बसली. तिने भाऊजींचं नाव लिहिलं. सरळ, गोल, एकसारखं. एकही अक्षर रुतलं नाही, एकाचाही गुंता झाला नाही.

भाऊजी टॉवेलने तोंड पुसत आले. पातेल्यावर स्वतःचं नाव बघून दचकले. "मी अजून जिवंत आहे," ते म्हणाले.

"इकडे ये," ताई मला म्हणाली. तिने माझं बोट पकडून उन्हात पातेल्यावर धरलं. "नुसतं टोक बघू नकोस. टोक आणि त्याची सावली, दोन्ही बघ. हात खाली आण. बघ, एकमेकींकडे येतायत. भेटल्या की तळ आला. भेटायच्या जरा आधी थांबायचं. तेच आपलं अंतर."

मी एक डोळा झाकला. सावली नसती तर माझं बोट कुठे आहे, ते मला सांगता आलं नसतं. सावली होती म्हणून सांगता आलं. मी कितीतरी वेळ बोट वर-खाली करत राहिले.

"म्हणजे ते दिवे..." मी म्हणाले.

"कुठे म्हणून सावली नाही!" ताईने मालकांची हुबेहूब नक्कल केली आणि इतकी हसली की तिला बसावं लागलं.

ऊन सरकलं. सावली बोथट झाली, अक्षरं पुन्हा बिघडली. ताईने घरभर नजर फिरवली, जिना चढली आणि माझ्या खोलीतून माझा वाचायचा दिवा घेऊन खाली आली. वाकत्या मानेचा. तिने तो टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला, मान पार खाली वाकवली आणि ट्यूबलाइट बंद केली. पातेल्यावर तोटीची सावली उमटली. काळी, टोकदार.

शुक्रवार संपेपर्यंत तिने आणखी एक गोष्ट शोधली. आधी ती अक्षरं लिहायची आणि डोक्यावरची रेघ शेवटी ओढायची, शाळेत सगळे शिकतो तसं. आता तिने रेघ आधी ओढली. क्रीमची उंच, जाड रेघ. मग प्रत्येक अक्षर तिला टेकून सुरू करायचं. तोटी रेघेला लागली की बोटांना कळतं, आपण किती उंचीवर आहोत. "दोरी बांधली," ती म्हणाली, "आता कपडे वाळत घालायला कितीसा वेळ?"

शनिवारी सकाळी ताई माझा दिवा काखेत मारून बेकरीत शिरली. मागे मी, हातात मुलांच्या नावांचा कागद. मागच्या खोलीत तिच्या टेबलावर केक तयार होता. चौकोनी, पांढरा, एखाद्या पाटीएवढा रुंद. छपाईच्या मशीनचं कव्हर काढलेलं होतं. वायर भिंतीत खोचलेली होती.

ताईने ते बघितलं. "मशीन गरम करून ठेवलंय वाटतं?"

मालक लाजले. "तयारी असावी म्हणून."

"असावी. आता ते वरचे दिवे बंद करा."

"काय?"

"सगळे. आणि पडदा राहू दे तसाच."

"ताई, अंधारात कसं लिहिणार?"

"कलाकार आज डोळे मिटून लिहिणार आहे," भट्टीवाले काका पिठाचे हात झटकत पुढे आले. "मी भट्टी सोडून आलोय. पाव करपले तर तिच्या नावावर."

कडं विझलं. खोली करडी झाली. ताईने दिवा डावीकडे ठेवला, मान वाकवली, बटण दाबलं. केकवर एका बाजूने उजेड पसरला. तिने कोन उचलला. सावलीही उचलली गेली.

"वाच, पंडित."

मी पहिलं नाव वाचलं. तिने रेघ ओढली, मग अक्षरं. तोटी आणि सावली एकमेकींजवळ यायच्या, भेटायच्या जरा आधी थांबायच्या, धागा पडायचा. दुसरं नाव. तिसरं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. काका पिठाचे हात पाठीमागे बांधून उभे होते.

अर्धा केक भरला. मालक हळूहळू जवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि त्या आनंदातच त्यांनी घोळ घातला. ताईला आणखी नीट दिसावं म्हणून त्यांनी मोबाइलचा दिवा लावला आणि उजवीकडून केकवर धरला.

तोटी एका नावाच्या मधोमध खचकन रुतली.

"दुसरी सावली कुणी आणली?" ताई मान वर न करता म्हणाली.

मालकांनी खाली बघितलं. तोटीला आता दोन सावल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे, दोन्ही फिकट. त्यांनी मोबाइल विझवला. एक सावली गेली. उरलेली गडद झाली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर वर, विझलेल्या कड्याकडे गेली. मग पुन्हा खाली.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "मी तर तुमची सावलीच पळवली होती."

"पळवली होती. आता आणून दिलीत. बाजूला व्हा, कोपर लागेल."

मालक भिंतीला चिकटून उभे राहिले. ताईने सुरी ओली केली, ते नाव अलगद उचललं, क्रीम सारखं केलं. रेघ ओढली. मी नाव पुन्हा वाचलं. तिने पुन्हा लिहिलं. तिथे काही झालं होतं, हे आता शोधूनही सापडलं नसतं.

शेवटचं नाव संपलं. खाली जागा उरली होती. तिथे तिने बाईंचं नाव लिहिलं, सगळ्यांपेक्षा जरा मोठं. कोन ठेवला. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने दाबत उभी राहिली.

मी केकची ओळन् ओळ वाचली. काकांनी हवा हुंगली.

"पाव करपले," ते म्हणाले आणि भट्टीकडे धावले.

दुपारी शाळेच्या बाई स्वतः केक न्यायला आल्या. बारीक, ताठ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मालकांनी खोकं उघडलं. बाईंनी चष्मा लावला.

"मशीनवर केलंत?"

"नाही," मालक म्हणाले. त्यांचा आवाज एवढा चढला की पाव घेणारे दोघे वळून बघू लागले. "हाताने. आमच्या ताईंनी."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. पहिलं नाव घेतलं आणि जरा थांबल्या. दुसरं घेतलं, पुन्हा थांबल्या. हजेरी घेत होत्या. त्यांच्याही लक्षात आलं नसावं. आयुष्यभराची सवय.

तिसऱ्या नावाला भट्टीकडून काकांचा जाड आवाज आला, "हजर!"

बाई दचकल्या आणि हसल्या. मग काउंटरवरचं गिऱ्हाईकही पुढच्या नावाला "हजर" म्हणालं. मालक म्हणाले. मीही म्हणाले. बाई एकेक नाव घेत गेल्या, आम्ही ओ देत गेलो. शेवटी त्यांचं स्वतःचं नाव आलं. ते त्यांना वाचता आलं नाही. ते ताईने वाचलं.

"हजर," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसला.

बाई गेल्यावर मालक मशीनपाशी गेले. वायर काढली, कव्हर घातलं. मग छताकडे बोट दाखवलं. "ताई, त्या कड्याचं काय करू?"

"काउंटरवर लावा. गिऱ्हाइकं उजळ दिसतील. उजळ दिसलं की माणूस जास्त खरेदी करतो."

त्यांनी खरंच लावलं. ताईने खिडकीच्या पडद्याची खाली लोंबणारी कड कापून तिची हातपुसणी केली. मग बरणीतून एक चेरी घेतली आणि भट्टीवाल्या काकांना हाक मारली. काकांनी पिठाचा तळवा पुढे केला, जरा लांबच, मुद्दाम. दिवा अजून चालू होता. ताईने तळव्याकडे बघितलं, तळव्यावरच्या सावलीकडे बघितलं आणि चेरी बरोबर मधोमध ठेवली.

"आज केकची नाही," ती म्हणाली. "ही खरंच तुमच्यासाठी काढली."

माझा दिवा अजून तिच्या टेबलावरच आहे. मी ट्यूबलाइटखाली वाचते. परत मागितला, तर म्हणते, "पंडित, तुला दोन डोळे आहेत. चैन करू नकोस."